'डॉग-फ्रेंडली फक्त नावाला' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला, आणि आंजर्ल्याला आमचं भाड्याचं घर सांभाळणाऱ्या काकूंना फोन करून मगच लिहायला बसले. ब्रुनोच्या अंगावर गोचीड निघाले, किनाऱ्यावर त्याला मोकळं सोडू दिलं नाही, काकू अंगावर ओरडल्या आणि कुत्र्याचे रात्रीला ५०० रुपये वेगळे घेतले, असं तुम्ही लिहिलंय. "पुण्याहून सहा तास गाडी हाकून पट्ट्यातच ठेवायचं होतं, तर कोथरूडमधली आमची गल्ली काय वाईट होती?" हे वाक्य मनाला लागलं.

आधी गोचिडांचं. चूक आमची, पूर्णपणे. तुम्ही आलात त्याच सकाळी दुसरं कुटुंब दोन कुत्रे घेऊन निघालं होतं. लादी पुसली, चादरी बदलल्या आणि घर तयार आहे असं मी तुम्हाला कळवलं. पण गोचीड लादीवर थोडाच बसून राहतो! तो भिंतीवर चढतो, चिऱ्यांच्या सांध्यात, पलंगाच्या खाचेत, चौकटीमागे शिरतो, तिथेच अंडी घालतो आणि रक्त न मिळताही महिनोन्‌महिने तग धरतो. हे मला माहीत होतं. माझी राणी, रस्त्यावरून घरी आणलेली देशी कुत्री, २०१९ मध्ये टिक फीव्हरनेच, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापानेच गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. हे सगळं बघितलेलं असूनही एका दिवसाच्या भाड्यापायी मी मधला दिवस मोकळा ठेवला नाही, याची मला लाज वाटते. तुम्ही गेल्यावर दोन्ही खोल्या रिकाम्या ठेवून फवारणी केली, सांधे बुजवून घेतले. अंड्यांतून निघणाऱ्यांसाठी फवारणीचा दुसरा हात पुढच्या आठवड्यात आहे. यापुढे कुत्रा असलेल्या दोन बुकिंगांमध्ये दोन दिवस घर बंद राहील.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र मी मागे येणार नाही.

तुम्ही फेब्रुवारीत आला होतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री आंजर्ल्याच्या वाळूत अंडी घालायला येतात. भरतीच्या रेषेच्या वर हातभर खोल खड्डा, त्यात शंभरेक अंडी, वर वाळू लोटली की मादी पाण्यात परत. नंतर ती फिरकतही नाही. पहाटे घरटी राखणारे कासवमित्र तिचा माग बघत किनारा पालथा घालतात आणि अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या राखीव वाळूत पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. कासवमित्रांच्या आधी एखादा कुत्रा तिथे पोचला की ते घरटं संपलं. ब्रुनो गुणी आहे, काकूंनीही तेच सांगितलं. पण पहिल्याच पहाटे तो सुरूच्या बनाखाली दोन्ही पायांनी वाळू उकरत होता. तिथे काही नव्हतं, हे नशीब. कुत्र्याला वास आला की तो उकरणारच, त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून पट्टा.

हा नियम आमच्या पानावर होता, पण नियमांच्या यादीत पार तळाशी. तो तुमच्या नजरेतून सुटला यात नवल नाही. आता तो सगळ्यात वर आहे, आणि पैसे घेण्याआधी फोनवरही सांगते. मोकळं धावायला मागची वाडी आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या, तिथे मोकळी झालेली जागा कुंपण घालून मी कुत्र्यांसाठीच ठेवली. तुम्ही टाकलेल्या फोटोत ब्रुनो कान उडवत धावतोय, ती तीच जागा.

काकू ओरडल्या, हे खरं. का ओरडल्या ते रिव्ह्यूत आलेलं नाही. ओहोटीच्या रेषेवर पडलेला, पोट फुगलेला काटेरी केंड मासा ब्रुनोने तोंडात धरला होता. केंडाचं विष शिजवूनही जात नाही. ते भिनलं तर अंग लुळं पडतं, श्वास थांबतो, आणि त्यावर उतारा नाही. काकू ओल्या वाळूतून धावत गेल्या, "सोड, सोड मेल्या!" म्हणून ओरडल्या आणि त्याच्या जबड्यात बोटं घालून मासा बाहेर काढला. त्यांच्या अंगठ्यावर दाताची खूण अजून आहे. तुम्ही लांब होतात, तुम्हाला फक्त आवाज ऐकू आला. या एका बाबतीत काकूंच्या वतीने मी माफी मागणार नाही.

५०० रुपये जास्तीच्या धुण्याचे आणि झाडलोटीचे. झाडलोटच नीट झाली नव्हती, त्यामुळे दोन रात्रींचे १००० रुपये आणि एका रात्रीचं भाडं आज परत पाठवते आहे. स्टार बदला असं मी म्हणणार नाही.

एक विनंती आहे. गोचीड चावल्यानंतर टिक फीव्हर दोन-तीन आठवड्यांनीही वर येतो. ब्रुनोने खाणं कमी केलं, अंग तापलं, नाकातून रक्त आलं किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर वाट न बघता रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्ससकट. काही दिसलं नाही तरी एकदा तपासाच. बिल मला पाठवा, मी भरते. बुकिंगच्या वेळी दिलेला नंबर माझाच आहे, रात्री उशिरा केलात तरी चालेल.