व्योमकेशच्या जनकाला मुंबईने खाल्लं नाही

आमच्या मालाडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आता तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: व्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या गोष्टी लिहिणारे शरदिंदू बंद्योपाध्याय पक्के कलकत्तेकर. व्योमकेश म्हणजे धोतर नेसवलेला शेरलॉक होम्स. मुंबईच्या सिनेमावाल्यांनी या लेखकाची पंधरा वर्षं खाल्ली. महाराष्ट्राचा त्यांच्या लेखनात मागमूस नाही. शेवटची गोष्ट अपुरीच राहिली. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

कलकत्तेकर हे आधी निकालात काढू. जन्म १८९९चा, जौनपूरचा. घर बिहारात मुंगेरला. कॉलेज कलकत्त्यात, पण वकिलीचं शिक्षण पाटण्याला. वकिली सोडून लिहायला बसले तेही मुंगेरलाच. कलकत्ता त्यांनी मन लावून पाहिलं, यात वाद नाही.

‘धोतरातला होम्स’ यात मात्र थोडं खरं आहे आणि ते कबूल करायला हरकत नाही. तल्लख मित्र, त्याच्या गोष्टी लिहून ठेवणारा साधा सोबती, एकत्र बिऱ्हाड, हा साचा डॉइलचाच. पण उचल लपवणारा हा माणूस नव्हता. ‘झिंदेर बंदी’ ही कादंबरी त्यांनी ‘प्रिझनर ऑफ झेंडा’वरून केली आणि ते नावातच सांगून टाकलं. व्योमकेशचं तसं नाही. १९३२ साली लिहिलेल्या ‘पथेर काँटा’मध्ये भर रस्त्यात माणसं मरतात, छातीत ग्रामोफोनची पिन घुसून. ही पिन येते कुठून, ते सांगत नाही; ज्यांनी वाचलेलं नाही त्यांचे शिव्याशाप कोण घेणार? पण हे डोकं बेकर स्ट्रीटचं नाही, सायकली आणि ग्रामोफोन नुकते घरोघर पोचलेल्या शहराचं आहे. शिवाय हा गडी ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं खपवून घेत नाही, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. एका खुनाच्या तपासात संशयिताची बहीण सत्यवती भेटते, तिच्याशी लग्न करतो. पुढे मूल होतं, आणि लेखक मित्र अजित त्याच घरात राहतो. होम्सला कुणी असा संसाराला लावून दाखवावा!

आता ती खाल्लेली पंधरा वर्षं. ग्रुपवर सगळ्यांत जास्त हळहळ यावरच झाली. खंड पडला हे खरं, पण तारखा बघा. पहिल्या दहा गोष्टी १९३६पर्यंत संपल्या. हिमांशू रॉय यांनी आपल्या बॉम्बे टॉकीज या सिनेमा कंपनीसाठी बोलावलं ते १९३८ साली. म्हणजे मुंबईत पाऊल टाकायच्या दोन वर्षं आधीच व्योमकेश थांबला होता, कारण वाचक आता कंटाळले असतील असं खुद्द शरदिंदूंनाच वाटलं. पुढे एकदा कलकत्त्याला गेले असताना ओळखीच्या घरातल्या मुलांनी विचारलं, व्योमकेश का लिहीत नाही? तेव्हा कुठे १९५१ साली ‘चित्रचोर’ लिहिली. त्या वेळी ते मुंबईतच होते, सिनेमा सोडून पुण्याला गेले ते १९५२मध्ये. मधल्या काळात लेखणी गंजली म्हणावं, तर ‘कालेर मंदिरा’ ही गुप्तकाळातली कादंबरी मुंगेरला सुरू झाली आणि मुंबईत १९४८ साली पुरी झाली. पटकथांचं रोजचं काम सांभाळून.

आणि हिशेबच करायचा तर पुढचाही करा. व्योमकेशच्या पुऱ्या झालेल्या गोष्टी ३२. त्यातल्या २२ या खंडानंतरच्या, म्हणजे मुंबईत आणि पुण्यात राहून लिहिलेल्या. दंगलीचं कलकत्ता दाखवणारी ‘आदिम रिपू’ही त्यातलीच. बॉम्बे टॉकीजचं कंपाउंड आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आता तिथे वर्कशॉपांचे गाळे आहेत, आणि ग्रुपवर हळहळणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिथे काही ना काही दुरुस्तीला टाकून आलेले आहेत.

महाराष्ट्राचा मागमूस नाही, हे तर हद्दच झाली. ‘शैलरहस्य’ घडते महाबळेश्वरला. पर्यटक निघून गेलेले, थंडी मी म्हणतेय, पारशी मालकाच्या हॉटेलात उतरलेला व्योमकेश तिथून अजितला पत्र लिहितो. भुताची गोष्ट आहे, आणि भुतांवर विश्वास नसलेल्या माणसाची पंचाईतही. त्याहून मोठी गंमत म्हणजे सदाशिव. शिवाजीमहाराजांच्या सैन्यात दाखल होणाऱ्या या मराठी पोराच्या गोष्टी शरदिंदूंनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. बंगालची मुलं मावळा वाचत मोठी झाली, आणि आपण व्योमकेश ओळखतो तो १९९३च्या दूरदर्शन मालिकेमुळे.

राहिली शेवटची ओळ, ती बरोबर आहे. ‘विशुपाल वध’ अपुरी राहिली. १९७० साली शरदिंदू गेले, तेव्हा त्यांच्या घराचा पत्ता पुण्याचा होता.