‘दारू स्वस्त ठेवा, नाहीतर माणसं हातभट्टीकडे वळतील’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जून 2025 मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं. स्वस्त ब्रँडवर ते निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. मुंबईतल्या ग्रुपांवर त्यावर मेसेज फिरतोय: दर वाढले की गरीब विषारी दारूने मरतो, पिणारा पितोच, गुन्हे वाढतात, महसूल बुडतो.

पुरावा म्हणून मालाडच्या मालवणीतलं 2015 चं विषारी दारूकांड दिलंय. तिथे शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलने. कारखान्यात वापरायचं हे रसायन दारू म्हणून वस्तीत विकलं गेलं. 2004 मध्ये विक्रोळीतही विषारी दारूने ऐंशीहून अधिक बळी घेतले. दोन्ही वेळी सरकारमान्य देशीची दुकानं उघडीच होती. आणि दर कितीही उतरवा, कर चुकवणारी दारू कर भरणारीपेक्षा स्वस्तच पडणार. तिला आवर घालायचा तर मिथेनॉलचे टँकर आणि अड्ड्यांचे हप्ते बघा.

‘पिणारा पितोच’ हे सगळ्यात घातक. देशीच्या दुकानासमोर सकाळी शटर वर जायची वाट बघणारी माणसं पाहा. थरथरत्या हाताने नाणी मोजून नव्वद मिलीची बाटली घेतात. त्यांना उपचार हवेत, नुसत्या दरवाढीने ते सुटणार नाहीत, उलट काही जण जेवणाचे पैसे तोडतील, हे मान्य. पण त्या रांगेत अजून न पोहोचलेल्यांचं काय? स्कॉटलंडने मे 2018 पासून दारूतल्या अल्कोहोलच्या प्रमाणात किमान किंमत ठरवली. 2023 च्या सरकारी मूल्यमापनानुसार निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू त्यामुळे 13.4 टक्क्यांनी घटले, आणि सर्वाधिक घट गरीब भागांत झाली. म्हणजे ज्या गरिबाच्या नावाने मेसेज गळा काढतो, त्याचाच जीव वाचला.

गुन्ह्यांवर तिथे ठळक परिणाम दिसला नाही, वाढलेही नाहीत. घरातली मारहाण नुसत्या दराने थांबेल असं मीही म्हणत नाही.

राहिला महसूल. 2021 मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचा कर 300 वरून 150 टक्क्यांवर आणला, तस्करी थांबून तिजोरी भरेल म्हणून. विमानतळावरून येणाऱ्या स्कॉचचा हिशोब नाक्यावरच्या क्वार्टरला लावता येत नाही. 2025 च्या निर्णयातून सरकारला वर्षाला 14,000 कोटी जास्तीचे अपेक्षित आहेत. भांडायचंच असेल तर त्यातला ठरावीक वाटा पालिका रुग्णालयांतल्या व्यसनमुक्ती उपचारांना मिळावा म्हणून भांडू.