‘विष ते विषच’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर (संत्रा, निमॅटोड आणि नवी औषधं)

भाऊ, एवढी सविस्तर कमेंट टाकली त्याबद्दल आधी थँक्यू. तुमचं म्हणणं असं की निमॅटोडसाठी (मातीतली, मुळांना लागणारी बारीक कृमी) ‘सिलेक्टिव’, म्हणजे नेमकं त्यालाच मारणारी, औषधं शोधणं चालू आहे असं मी लिहिलं म्हणजे कंपन्यांची जाहिरातच केली, विष ते विषच असतं, आणि काटोलला तुमच्या आजोबांनी निंबोळी पेंड अन् झेंडूवर बाग सांभाळली.

‘विष ते विषच’ हे काही मला पटत नाही ना भाऊ. फ्युराडान घ्या, म्हणजे कार्बोफ्युरान, मातीत टाकायचं दाणेदार औषध. ते जे एन्झाइम बंद पाडतं ते निमॅटोडच्या नसांत आहे, पाखराच्या नसांत आहे आणि ते दाणे हातानं टाकणाऱ्या गड्याच्या नसांतही तेच आहे, मग ते कोणाला सोडणार? अमेरिकेत पाखरं हे दाणे बी समजून टिपायची अन् मरायची. आपल्याकडे २०२३ ला ३ टक्केवाले एन्कॅप्सुलेटेड (वेष्टनात बंद केलेले) दाणे सोडून त्याचे बाकी सगळे प्रकार बंद केले. त्याच्याही आधीचं डीबीसीपी, खास निमॅटोडसाठीच होतं, आणि १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार वंध्य झालेले सापडले. तुमचा राग या औषधांवर असेल तर माझाही आहे, २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर गेले ते आपण कोणीच विसरलो नाही.

पण मग फेब्रुवारीत शाळेत लेकरांना जंताची गोळी देतात तीही विषच ना? अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरतं, आपल्याला तितकं नाही, म्हणून ४०० मिलिग्रॅम पोरगं चघळून खातं अन् खेळायला जातं. आयव्हरमेक्टिन कृमीच्या नसांमधल्या ज्या क्लोराइड चॅनलवर बसतं तसलं चॅनल माणसात नाहीच, २०१५ चं वैद्यकशास्त्राचं अर्धं नोबेल आयव्हरमेक्टिन ज्यातून आलं त्या शोधाला मिळालं. सिलेक्टिव म्हणजे हे, ‘थोडं कमी विषारी’ असं नाही.

टोरांटो विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये ‘सिलेक्टिविन’ म्हणून रसायनं मांडली, त्यातली युक्ती मला फार आवडली. ते रसायन जसं आहे तसं फारसं काही करत नाही, निमॅटोडच्या अंगातलं सायटोक्रोम पी४५० एन्झाइम त्याला बदलून विष बनवतं आणि त्यातच तो मरतो. बारूद आपली, काडी त्याची. असली एन्झाइमं आपल्यातही असतात, पण माणसाच्या पेशींसकट इतर बऱ्याच जीवांवर तपासलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या निमॅटोडवर मातीत चाललं. दुकानात जाऊन मागू नका हां, हे अजून संशोधनातलं आहे.

आता पेंड अन् झेंडू. पेंड टाकाच, मी कधी नाही म्हटलं? झेंडूच्या मुळांत निमॅटोडला मारणारं द्रव्य असतं हेही खरं, पण झेंडूचा खरा फायदा तो आधी घेऊन मग पीक लावलं तर, आणि संत्र्याचं झाड पंधरा-वीस वर्षं एकाच जागी उभं, फेरपालट करणार कशी? निमॅटोडला दाद न देणारा ट्रायफोलिएट खुंट (ज्या मुळाच्या झाडावर संत्र्याचं कलम बांधतात तो) आहे, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो नीट चालत नाही, म्हणून आपण जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम करतो, अन् जंबेरीला हा निमॅटोड लागतो.

निमॅटोड म्हणजे कंपन्यांनी काढलेलं खूळ असंही तुम्ही लिहिलं. ज्या झाडाची पानं लहान होत चालली, शेंडे वाळतायत, त्याची बारीक तंतुमुळं काढून पाण्यात खळखळून धुवा. तरी मळकटच दिसली तर संशय घ्या. मादीचं तोंड मुळात रुतलेलं असतं अन् मागचा भाग बाहेर, तिथं ती चिकट द्रवात अंडी घालते, त्यालाच माती चिकटून बसते, धुवून निघत नाही.

उलट मला विचारायचंच तर हे विचारा की जमिनीत उपयोगाचेही निमॅटोड असतात, जिवाणू खाऊन नत्र मोकळं करणारे, त्यांचं काय? त्यांच्यातही तेच एन्झाइम असलं तर तेही मरतील, निमॅटोड सोडून बाकीच्यांना सुरक्षित म्हणजे सगळं सुरक्षित नाही. आणि ज्या निमॅटोडमध्ये ते एन्झाइम बिघडलेलं असेल तो वाचेल, त्याचीच पिलावळ वाढेल, शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांनी अल्बेंडाझोलच्या जातीच्या औषधांना दाद देणं बंद केलं तेही असंच, वाचलेल्यांची पिलावळ वाढून. या दोन्हीवर मला अजून तरी समाधानकारक उत्तर दिसलेलं नाही.

तुमच्या बागेचा खुंट कोणता, जमीन किती खोल, अन् डिंक्या (खोडातून डिंक गळायला लावणारा बुरशीसारखा रोग) आहे का तेवढं कळवा, कारण डिंक्या असेल तर निमॅटोडचं औषध टाकून पैसे वायाच जातील.