पुरावा की बग?

गेले तीन आठवडे मी रात्रीचं जेवण झालं की माजघरात खुनाचा तपास करतोय. भाच्याने दुबईहून व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आपण खेळाच्या आतच उभे) आणला आणि गणपतीपर्यंत माझ्याकडे ठेवून गेला. मग स्टीम या पीसी-गेमच्या ऑनलाइन दुकानातून अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला काढलेला, एक डिटेक्टिव्ह गेम घेतला. नाव लिहीत नाही. दोघातिघांनी मिळून केलेलं काम दिसतंय, अर्धवट असताना चारचौघांत बोभाटा नको. चारपैकी दोनच प्रकरणं तयार आहेत, बाकी 'लवकरच'.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. स्क्रीनवरच्या तपासाच्या खेळात माउस पुराव्याजवळ नेला की पुरावा चमकतो. आपण फक्त दिवाळीतल्या पणत्या मोजल्यासारखे क्लिक करत जायचं. इथे काहीच चमकत नाही. ड्रॉवर हाताने ओढायचा, आतलं पत्र उचलून दिव्यासमोर धरायचं, गुडघ्यावर बसून टेबलाखाली मान घालायची. बाजारात आई बांगडा घेताना कल्ले वर करून बघते, पोटावर बोट दाबते, मग भावाचं बोलते. तसं प्रत्येक वस्तूला हात लावून ठरवावं लागतं. पहिल्या प्रकरणात एका बुटाचा तळवा उलटा करून बघितला तर टाचेत तांबडी माती. खेळाने सांगितलं नव्हतं, कुठे बाण नव्हता. मी एकटाच खोलीत 'अरेच्चा' म्हणून ओरडलो. पडवीतून आईचा आवाज, "ह्येका काय झाला? वाऱ्याक कित्याक पकडता?"

आता पेल्याची गोष्ट.

दिवाणखान्यात टेबलावर एक काचेचा पेला आहे. खाली वाकून बघितलं तर तो टेबलाला टेकलेलाच नाही, दोन बोटं वर तरंगतोय. माझं डोकं लगेच सुरू. बारीक दोरा असेल? पेल्याखाली काही पारदर्शक ठेवलंय? कोणीतरी मुद्दाम जागा दाखवतंय? चाळीस मिनिटं मी त्या पेल्याभोवती घिरट्या घातल्या. छतापर्यंत हात फिरवले (तेव्हा खऱ्या जगात झोपाळ्याची कडी मनगटावर बसली, अजून काळंनिळं आहे). शेवटी कळलं, पेला असाच आहे. बग, म्हणजे खेळातलीच चूक.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण दुसऱ्या प्रकरणात घरातली मोलकरीण जबानी देते. तोंडाने म्हणते, बुधवारी रात्री बाहेर होते. खाली अक्षरांत येतं, मंगळवारी. मला वाटलं, सापडली! विसंगती पकडली! छाती फुगवून तिच्यावर आरोप ठेवला आणि केस हरलो. झालं असं होतं की मजकूर बदलला होता आणि आवाज जुनाच राहिला होता. पुढच्या अपडेटमध्ये ते नीट केलं आणि त्याच अपडेटने माझं सेव्ह उडवलं. पुन्हा बूट, पुन्हा टाच, पुन्हा तांबडी माती. या वेळी 'अरेच्चा' निघालं नाही.

माझं म्हणणं हेच आहे. मारामारीच्या खेळात भिंतीत अडकलेला शत्रू दिसला तर आपण हसतो आणि पुढे जातो. रहस्याच्या खेळात विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट पुरावा असते, तसा अलिखित करारच असतो. लिहिणाऱ्याने सगळं समोर ठेवायचं, आपण ते जोडायचं. एकदा मनात आलं की ही चूक खेळ बनवणाऱ्याची आहे की खुन्याची, मग पुढचा खराखुरा धागासुद्धा मी 'बग असेल' म्हणून सोडून देतो. तसा एक सोडलाच. घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, आणि ते मुद्दाम मागे ठेवलेलं होतं!

दुसरी अडचण याहून मोठी. रहस्य एकदाच उलगडतं. स्टीमवर २०१३ पासून अर्ली ॲक्सेस चालू आहे आणि काही खेळांना ते फार मानवलं. 'हेडीस' डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० असा अर्धवट विकला गेला, आधी एपिकच्या दुकानात आणि मग स्टीमवर. पण तो मरा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा अशाच घडणीचा खेळ. 'फास्मोफोबिया' २०२० पासून अर्ली ॲक्सेसमध्ये आला, तोही व्हीआरमध्ये चालतो, त्यातही पुरावे गोळा करायचे असतात. पण दर खेपेला भूत वेगळं. काल ओळखलेलं भूत आज उपयोगाचं नाही. इथे मात्र खुनी ठरलेला आहे. वर्षभराने पेला टेबलावर नीट टेकेल, मोलकरणीचे ओठ शब्दांबरोबर हलतील, तेव्हा मला खुनी आधीच माहीत असणार. कच्चा फणस फोडून ठेवला, आता तो कुठला पिकतोय? पैसे परत मागण्याचा विचार आला होता. स्टीमचा नियम १४ दिवस आणि दोन तासांच्या आतला खेळ असा आहे. माझे दोन तास त्या दिवाणखान्यातच संपले, त्यातली चाळीस मिनिटं पेल्याची.

व्हीआर घ्यायच्या विचारात असाल तर थोडं कामाचं. पहिले दोन दिवस मळमळतं. डोळे म्हणतात चालतोय, कान म्हणतो उभा आहेस. होडीत आत बसल्यावर लागतं त्याच्या बरोबर उलट. हातातल्या कंट्रोलरची स्टिक ढकलून चालण्याऐवजी टेलिपोर्ट (बोट दाखवू तिथे एकदम पोचणं) ठेवा, वळणं टप्प्याटप्प्याची ठेवा. पावसात भिंगांवर वाफ धरते आणि आपल्याकडची हवा बघता बुरशीची भीती आहेच, म्हणून हेडसेट सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. ऊन दाखवायला मात्र अंगणात अजिबात ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीन जळतो. आणि लाईट! माझा पीसी आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, माजघरातली ट्यूब नाही. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ठरवतात, अंधारात त्यांना काही दिसत नाही. त्यामुळे लाईट गेली की पीसी चालू, खेळ चालू, आणि मी खुनाच्या जागेवरून गायब.

या सगळ्यात खरी मजा अण्णांनी आणली. अण्णा माझे मोठे काका, हवालदार म्हणून निवृत्त. मॉनिटरवर माझा खेळ बघत बसले होते. मी पेला उचलला तसे ओरडले, "मेल्या, उघड्या हातान कित्याक उचललंस? ठसे गेले मां!" मग, "आणि पंच खंय? दोन पंच नाय तर पंचनामो कसलो?"

मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, अण्णा, आता १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आहे, झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावंच लागतं. अण्णांनी हेडसेटकडे बोट दाखवलं. "मगे ह्येका इतके कॅमेरे आसत, तरी चित्रीकरण नाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळात हातमोजे नाहीत, वही नाही, काय कुठे सापडलं याची नोंद नाही. सगळं डोक्यात ठेवायचं. नोकरीत तीन प्रकरणांच्या नोंदी एका पानावर ठेवणाऱ्या अण्णांना हे पटणार कसं?

परवा सकाळी अण्णांनी मला एक फुलस्केप कागद दिला. सहा मुद्दे, वळणदार अक्षर. पहिला मुद्दा: 'सदर पेला टेबलाच्या पृष्ठभागापासून अंदाजे दोन बोटे अधांतरी आढळून आला.' चौथा: 'सदर ठिकाणी पंच हजर नव्हते.' मी सगळं इंग्रजीत करून खेळ बनवणाऱ्यांना पाठवलं. 'अधांतरी'पाशीच दहा मिनिटं गेली.

काल रात्री उत्तर आलं. पेला पुढच्या अपडेटमध्ये टेबलावर टेकेल म्हणाले. पंचांबद्दल काही बोलले नाहीत.