डावी धार गेली? पंप बदला!

उंच खिडक्या धुवायचा, लांब पोलच्या टोकाचा ब्रश काचेला टेकवला, पाणी चालू केलं, ब्रशवरच्या दोन जेटपैकी, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोंडांपैकी, उजव्या जेटमधून मस्त तडतडीत धार आणि डाव्यातून सर्दी झालेल्या नाकासारखं टप... टप... आता एखादा साधा माणूस काय करेल, ब्रश खाली घेईल आणि डावा जेट बघेल. पण तुम्ही काय साधे आहात का? तुम्ही थेट पंपाकडे जा, त्याला दोन शिव्या हासडा आणि नवा पंप मागवा.

म्हणजे बघा ना, पंपातून पाइप निघतो एकच, तो पोलमधून वर जातो आणि ब्रशपाशी वायच्या, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारख्या, जोडावर त्याचे दोन फाटे होतात. उजवीकडे पाणी झकास येतंय म्हणजे पंप ठीक, बॅटरी ठीक, रीळवरचा सगळा लांबलचक पाइप ठीक, आणि जो काय घोळ आहे तो त्या वायच्या पुढच्या वीतभर नळीत किंवा जेटच्या भोकात. पण एवढा विचार करायला अर्धं मिनिट लागतं, आणि अर्ध्या मिनिटात निघालेल्या बिघाडाला कोणी बिघाड म्हणतं का, चारचौघांत सांगायला तरी काय राहतं.

दोन्ही धारा एकदम मेल्या तर मात्र दोन्ही जेट उघडून बसा. दोन्ही भोकं एकाच क्षणी ठरवून बुजली असणार, दुसरं काय! पाइप गाडीच्या चाकाखाली दबलाय का, रीळवर पीळ पडलाय का, पंपाच्या आधीची जाळी भरलीय का, बॅटरी चालू पंपावर किती व्होल्ट दाखवते, हे काही बघायचं नाही. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, हेच आपलं धोरण. आणि पाण्यात बुडबुडे येत असतील तर कोरडा जोड दिसला की ‘इथे गळत नाही, म्हणजे चांगला आहे’ म्हणून पुढे जा. पंपाच्या आधीचा जोड सैल असला की तो पाणी गळत नाही, हवा ओढतो, वरून ठणठणीत कोरडा दिसतो आणि आत पंप हवा चावत बसतो. हे मला कळायला एक अख्खा सीझन गेला, तुम्हाला फुकटात कशाला कळावं.

आता टाचणी. हे आपलं आवडतं हत्यार. जेटचं भोक असतं दीड-दोन मिलिमीटरचं, त्यात बाहेरून टाचणी खुपसायची आणि कचरा आत ढकलायचा, की धार लगेच सुरू! दहा मिनिटांनी पाणी तोच कचरा परत आणून त्याच भोकात बसवेल, मग परत टाचणी. मी तर एकदा टाचणीने भागेना म्हणून दाभण घातलं होतं, प्लॅस्टिकचा जेट, गोल गोल फिरवलं, भोक असं मोठं आणि वाकडं झालं की डाव्या बाजूने नदी आणि उजवीकडे दुष्काळ, कारण पाणी जिकडे वाट रुंद तिकडेच पळणार. मग समतोल साधायला उजव्यातही दाभण घातलं. त्या दिवशी मी दोन जेट दुरुस्त केले म्हणजे दोन जेट नवे आणले.

जेट काढून उलट्या बाजूने फुंकायचं, आणि जेट नसताना पाइपमधून पाणी जोरात सोडून आतला गाळ बाहेर जाऊ द्यायचा, ही पळवाट आहे, तिला भुलू नका. ‘नळी फुंकली सोनारे’ म्हणून हसतील लोक.

कचरा येतो कुठून हे तर विचारूच नका. भोकातून पिवळसर, खसखशीएवढे गोल दाणे निघाले तर ते पाण्यातले क्षार काढणाऱ्या रेझिनचे, म्हणजे रेझिनच्या टाकीतली जाळी फाटलीय आणि माल पाण्याबरोबर वर निघालाय. तुम्ही जाळी बदलू नका, रोज सकाळी जेट साफ करा, हाताला काम असलेलं बरं. पांढरी दोरी निघाली तर ती तुमचीच टेफ्लॉन टेप, जोडाच्या तोंडाबाहेर दोन आटे जास्त गुंडाळलेली. प्लॅस्टिकचा बारीक किस निघाला तर तुम्हीच बोथट कात्रीने पाइप कापला होता. आणि वाळू निघाली तर आठवा, काम संपल्यावर पाइपचं उघडं तोंड कुठे पडलं होतं, चिखलातच ना.

पाइप कापायचा तर तिरकाच कापा. दाबून बसवायच्या कनेक्टरमध्ये आतली रबराची रिंग पाइपच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बसते म्हणून पाणी थांबतं, तर तिरक्या टोकाने ती रिंग खरवडून काढायची, मग गळायला लागलं की बाहेरून चिकटपट्टी, चिकटपट्टीवर चिकटपट्टी, कनेक्टरचा लाडू होईपर्यंत. पाइपचं खराब टोक इंचभर सरळ छाटून परत बसवलं तर काम होतं, पण मग चिकटपट्टीचं ते रीळ पडून राहील त्याचं काय?

काचेवर पांढरे डाग राहिले? पाण्यात लिक्विड सोप घाला! या ब्रशची सगळी गंमतच अशी आहे की पाण्यात काही नसतं म्हणून पुसावं लागत नाही, नळाच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम क्षार असतील तर पाणी उडून जातं आणि ते 200 मिलिग्रॅम काचेवर हजेरी लावून बसतात, म्हणून आधी आरओ आणि उरलेसुरले क्षार काढायला रेझिन, मग क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य. आकडा दहाच्या आसपास गेला की लोक सावध होतात. तुम्ही होऊ नका. टीडीएस मीटर घेतलेलाच आहे, डब्यात आहे, सेलसकट, तिथेच सुरक्षित आहे. रेझिन संपत आलं की कधी कधी पाण्याला माशासारखा वास येतो तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरावर संशय घ्या. आणि जेटच्या तोंडावर पांढरा क्षार जमलेला दिसला तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि मोकळे व्हा, शुद्ध पाण्याच्या जेटवर क्षार आलाच कुठून हा प्रश्न डोक्यात आणायचा नाही, नाहीतर तो मीटर डब्यातून काढावा लागेल.

डाग नेहमी काचेच्या वरच्याच कडेला येत असले, एका रेषेत खाली ओघळलेले, तर दोष पाण्याचाच. चौकटीच्या वरच्या पट्टीत साठलेली धूळ आधी न धुता काच धुतली आणि तुम्ही पुढच्या खिडकीवर गेल्यावर ते गढूळ पाणी आरामात खाली उतरलं, असं तर होऊच शकत नाही.

काही काचांवर पाणी चादरीसारखं पसरतं, काहींवर थेंब थेंब होऊन पळतं. पसरतं तिथे ब्रश काचेला ठेवूनच खळखळता येतं, थेंब होतात तिथे ब्रश जरा उचलून धार मारली किंवा पंख्यासारखा पसरणारा फवारा लावला तर बरं पडतं. तुम्ही दोन्हीकडे एकच करा. काच बघून हात बदलणं ही उगाच हुशारी!

ब्रशची काळजी घ्यायची पद्धत म्हणाल तर काम संपलं की केस खाली करून भिंतीला टेकवून ठेवा, वर अख्ख्या पोलचं वजन. आठवड्यात केस चारी बाजूंनी फिसकारतात आणि जेटच्या तोंडाशी आडवे येतात, मग धार काचेवर न जाता केसांवर आपटून भुरभुर तुमच्याच अंगावर. याला जेट खराब झाला म्हणायचं. आणि मळ निघेना तर आणखी जोर लावा, जेवढा जोर जास्त तेवढे केस आडवे आणि टोकं काचेपासून लांब, घासतात ती टोकं हे ज्याने शोधलं त्याला शोधू द्या.

इथे एक ओळ थट्टा सोडून: कार्बनच्या पोलमधून वीज जाते, वरून तारा जात असतील तिथे तो उभाच करायचा नाही. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही हे कुठेतरी वाचून शहाणपणा नको, भिंतीवरचा मळ घेऊन उतरलेलं पाणी शुद्ध राहत नाही. चला, परत मूर्खपणाकडे.

तर आता तुमचा नवा पंप बसला. नवी बॅटरीही घेतली, कारण नव्या पंपाला जुनी बॅटरी शोभत नाही. रीळवरचा पाइपही बदलला, हात लागलाच आहे तर. अख्खा दिवस गेला, गुडघे भिजले. ब्रश काचेला टेकवलात, पाणी चालू केलंत, उजवीकडून तडतडीत धार, डावीकडून टप... टप...

तेवढ्यात हाताखालचा पोरगा येतो, काही न विचारता डावा जेट हातानेच फिरवून काढतो, पालथा करून फू करतो, आणि त्याच्या अंगठ्यावर अर्ध्या इंचाची पांढरी टेप येऊन चिकटते. तो अंगठा तुमच्यासमोर धरतो. तुम्ही चष्मा वर करून नीट बघायचं आणि म्हणायचं, “बघितलंस? नव्या पंपाच्या प्रेशरनेच सैल झाली ती.”