तो अंधार पुसू नका
आज सकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचे ‘संत मत्तयाला पाचारण’ हे चित्र पाठवले. मोबाईलवर त्यातला सगळा काळोख उजळवून, मागची भिंत पिवळीधमक करून पाठवले आणि खाली लिहिले, ‘आता कसे सगळे स्वच्छ दिसते!’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दिवसभर ते डोक्यातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन मी रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये गेलो होतो. १६०० च्या सुमारास रंगवलेले, सव्वातीन मीटर उंचीचे ते चित्र तिथे एका चॅपेलच्या, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनाच्या, डाव्या भिंतीवर आहे. पेटीत नाणे टाकले की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने आपोआप विझतात. दिवे विझले, लोक चुकचुकले आणि निघून गेले. मी दुसरे नाणे शोधू लागलो, तेव्हा आई म्हणाली, “थांब जरा.”

काय आहे त्या काळोखात? जकात गोळा करणारा मत्तय आणि त्याचे सोबती टेबलाभोवती बसले आहेत आणि मत्तयाला शिष्य व्हायला बोलावणारा येशू उजव्या कडेला, पेत्र या आपल्या शिष्याच्या आड, जवळजवळ पूर्ण सावलीत उभा आहे. त्याचा चेहरा आणि पुढे केलेला हात, एवढेच उजेडात आले आहे. चित्रातल्या खिडकीतून उजेड येतच नाही. तो उजवीकडून येतो, म्हणजे चॅपेलच्या वेदीच्या वर जिथे खरी खिडकी आहे त्याच बाजूने. ज्याने ती भिंत उजळवली, त्याने येशूच्या हाकेचा आवाजच बंद केला. रोममधल्याच सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये याच चित्रकाराने रंगवलेला संत पौल, येशूच्या साक्षात्काराने दिपून, घोड्याखाली उताणा पडला आहे. तिथे आकाशात देव नाही, देवदूत नाहीत, आहे तो फक्त उजेड. उद्या तोही असाच ‘स्वच्छ’ केला, तर घोड्यापलीकडे काय उरेल?

जुन्या चित्रांवरचे वार्निश काळवंडते आणि ते जाणकारांना साफ करावे लागते, हे मान्य. रोमला जाणे प्रत्येकाला परवडत नाही, हेही मान्य. पण म्हणून चित्रकाराने जाणूनबुजून ठेवलेला काळोख म्हणजे मळ नव्हे, आणि आपण ते समजून घेऊ नये याचा मला मनापासून संताप येतो. चित्रांनी सामान्य भाविकाला शिकवावे, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये सांगितले होते. काराव्हाज्जोने तो सामान्य माणूसच चित्रात आणून बसवला, आणि त्याला सगळे एकदम दाखवले नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. ज्याने चित्र पाठवले तो भला माणूस आहे. त्याला चित्र आवडले म्हणूनच त्याने ते पाठवले. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की, मूळ चित्र रात्री खोलीतला दिवा मालवून पाहा, आणि डावीकडचा तो तरुण शोध, जो मान खाली घालून अजून नाणीच मोजतो आहे.

आईच्या एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. दिवे विझल्यावर ती कठड्याला धरून बराच वेळ गप्प उभी राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “आता हात दिसला.” नाणे माझ्या मुठीतच राहिले.