पत्रा नवा, नोंद जुनी

बाबांचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते. "अरे, त्या नव्या नंबरप्लेटची तारीख मिळाली एकदाची. पुढच्या गुरुवारी. पाचशे एकतीस रुपये भरले." बाबांची स्कूटर आता महिन्यातून दोनदा बाहेर पडते, एकदा बँकेत आणि एकदा भिशीला. पण ती २०१९च्या आधीची, त्यामुळे तिलाही नवी पाटी हवीच. मी म्हटलं, "बाबा, पाटी बदलून नक्की काय होणार आहे?" ते म्हणाले, "ते तूच सांग. गाड्यांच्या देशात तू राहतोस."

टोमणा होता, पण मी तो मनावर घेतला.

आधी घरचा वाद. उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, केंद्राच्या नियमांत आली ती २००१ साली. मग निविदा, कोर्टकज्जे, राज्याराज्यांतली टाळाटाळ. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्या ती पाटी लावूनच मिळू लागल्या. जुन्या गाड्यांचा नंबर महाराष्ट्रात लागला डिसेंबर २०२४मध्ये. मुदत होती ३१ मार्च २०२५ची. ती आपल्याकडच्या मुदतीसारखी पुढे पुढे सरकत गेली. दुचाकीला ५३१, तीनचाकीला ५९०, मोटारीला ८७९ रुपये, जीएसटी धरून. शेजारच्या राज्यांत स्वस्त मग आपल्याकडेच महाग का, कंत्राट कोणाला, केंद्रांवर रांगा किती, यावर वर्तमानपत्रांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर भरपूर लिहून झालं. दराचा प्रश्न रास्तच आहे. पण मला खटकलं ते हे की सगळा वाद पत्र्याभोवती फिरला. क्रोमियमचं होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक, एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. पत्रा म्हणून तो उत्तमच आहे.

आता माझ्या गाडीची पाटी सांगतो. मी दक्षिण जर्मनीत ब्योब्लिंगन जिल्ह्यात राहतो, म्हणून माझ्या पाटीची सुरुवात 'बीबी'ने होते. पहिल्यांदा गाडी घेतली तेव्हा मी नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागद पाहिले, क्रमांक दिला आणि म्हणाल्या, "आता बाहेर जाऊन पाट्या करून आणा." बाहेर म्हणजे अक्षरशः समोरच्या दुकानात. तिथे एका माणसाने कोरा पत्रा यंत्रात घातला, अक्षरांचे साचे लावले, दाबले, काळा रंग चढवला. पाच मिनिटांत दोन गरम पाट्या माझ्या हातात. खासगी दुकान, कुठलं होलोग्राम नाही, कुलूप नाही. गाडीवर ती प्लॅस्टिकच्या चौकटीत नुसती अडकवलेली असते. दहा वर्षांचं पोरही स्क्रू ड्रायव्हरने काढू शकेल. आपल्या एचएसआरपीपुढे ही पाटी म्हणजे जत्रेतला पत्रा.

पण ती पाटी घेऊन परत खिडकीशी गेलो तेव्हा बाईंनी त्यावर राज्याची मुद्रा असलेला छोटा गोल शिक्का चिकटवला, आणि मग ती पाटी झाली. खरी गंमत शिक्क्याच्याही मागे आहे. विमा कंपनीने दिलेला सात अक्षरी इलेक्ट्रॉनिक क्रमांक दाखवल्याशिवाय नोंदणीच होत नाही. विमा बंद पडला तर कंपनी थेट कार्यालयाला कळवते, आणि दखल घेतली नाहीत तर माणूस येऊन पाटीवरचा शिक्का खरवडून जातो. मग तीच पाटी पुन्हा नुसता पत्रा.

मागच्या पाटीवर आणखी एक रंगीत गोल असतो. गाडीची तांत्रिक तपासणी पुन्हा कधी आहे, ते त्यावर लिहिलेलं. सहा रंग आळीपाळीने येतात, एका वर्षाला एक रंग. आणि गोलात मांडलेले महिने असे फिरवून चिकटवतात की जो आकडा वर येईल तो तुमचा महिना. सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या कुणालाही एका नजरेत कळतं की तुमची तपासणी उलटून गेली आहे. मला हे माझ्या शेजाऱ्याने सांगितलं, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना, 'गुड मॉर्निंग'च्याही आधी. आपलं पीयूसी मात्र डिकीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, घडी घालून.

तर माझं म्हणणं एवढंच: पाटी ही साखळीची शेवटची कडी आहे आणि आपण नेमकी तिच्यापासून सुरुवात केली. हे मी जर्मनीच्या कौतुकाने म्हणत नाही, स्वतःच्या फजितीवरून म्हणतो. २०१६ साली इकडे येताना मी माझी मोटारसायकल ओळखीच्या ओळखीत विकली. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून घेणाऱ्याच्या हातात ठेवले, पैसे घेतले, विमानात बसलो. तीनेक वर्षांनी बाबांच्या मोबाइलवर चलनं येऊ लागली. हेल्मेट नाही. सिग्नल तोडला. पुन्हा सिग्नल तोडला. मी इथे बर्फ फावड्याने ओढत होतो आणि त्याच वेळी पुण्यात सिग्नलही तोडत होतो! त्या गृहस्थाने नावावर करून घेतलीच नव्हती. कायद्याने विकणाऱ्यानेही चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते मी केलं नव्हतं, चूक माझीही. पण विचार करा, उद्या त्या मोटारसायकलला ठणठणीत एचएसआरपी लागली, तर ती काय सिद्ध करेल? की ही गाडी माझी आहे. होलोग्रामसकट, न निघणाऱ्या कुलपासकट, खोटं.

इथे गाडी विकताना बहुतेक जण आधी नोंदणी रद्द करतात. पाट्या कार्यालयात नेल्या की शिक्के खरवडले जातात, संपलं. आता तर शिक्क्याखाली एक सांकेतिक क्रमांक दडलेला असतो. तो खरवडून काढून घरबसल्याही नोंदणी रद्द करता येते. शिवाय इथे वेगमर्यादा मोडल्याचा दंड चालवणाऱ्याला होतो, मालकाला नव्हे, म्हणून कॅमेरे समोरून चेहऱ्यासकट फोटो काढतात. घरी आलेल्या पत्रात आपलाच जांभई देतानाचा फोटो पाहण्यासारखी दुसरी शरम नाही.

जर्मनांना सगळं आधीपासून सुचलं होतं, असंही नाही. त्यांच्या पाटीवरची अक्षरं नीट पाहिलीत तर बेढब वाटतात. कुठला फाटा लांब, कुठली गोलाई चपटी. १९७०च्या दशकात तिथल्या अतिरेकी गटाची माणसं चोरलेल्या गाड्यांच्या पाट्यांवर काळ्या रंगाचा एखादा फटकारा मारून अक्षर बदलत. 'पी'ची 'आर', 'एफ'ची 'ई', तीनाचा आठ. तेव्हा कार्लगेओर्ग होफर या सुलेखनकाराकडे काम सोपवलं गेलं: असं वळण तयार करा की एका अक्षराचं दुसरं करताच येऊ नये. म्हणून प्रत्येक अक्षराचा सांगाडाच वेगळा. काम सुरू झालं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आणि नव्या पाट्यांवर ते वळण देशभर सक्तीचं व्हायला २००० साल उजाडलं. तेव्हा दिरंगाईवरून कुणी फक्त आपल्याला हसू नये.

आता 'दादा'. ४१४१ हा आकडा इंग्रजीत वळणदार लिहिला की 'दादा' होतो, २१४चा 'राम', ४९१२चा 'पवार', ८०५५चा 'बॉस'. परदेशातून येणारा माणूस यावर नाक मुरडतो, अशी अपेक्षा असते. मी मुरडत नाही. आकड्यात अक्षर पाहणारी ही नजर मला आवडते. ज्याला पहिल्यांदा ४१४१मध्ये दादा दिसला तो कलावंतच. अडचण एकच, अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर सांगताना साक्षीदार पोलिसांना 'दादा' सांगणार की काय?

जर्मनांनाही ही हौस आहे, फक्त तिचा भाव वेगळा. हवा तो क्रमांक निवडायचे १० युरो २० सेंट. त्यामुळे निम्म्या गाड्यांवर मालकाची आद्याक्षरं आणि जन्मसाल असतं, नवराबायकोच्या लग्नाची तारीख असते. सगळ्यांनाच परवडतं म्हणून कुणालाच त्याचा रुबाब नाही. आपल्याकडे २०२४च्या वाढीनंतर मुंबई-पुण्यात मोटारीला ०००१ हवा असेल तर ६ लाख मोजावे लागतात. सरकारी तिजोरीत भर पडते, म्हणून मी त्याला फार विरोध करणार नाही. पण त्या पैशात घेणारा नंबर विकत घेत नाही, टोलनाक्यावरचा सलाम विकत घेतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. इथे ०-१ ही पाटी राष्ट्राध्यक्षांच्या गाडीवर असते, ०-२ चॅन्सेलरच्या. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या गाडीवर नंबरऐवजी राजमुद्राच असायची. घटनात्मक पदांवरच्या गाड्यांनीही नंबर दाखवावा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला २०१८ साली सांगावं लागलं.

आणि बॉस? बोखुम शहराचा संकेत 'बीओ'. त्यापुढे दोन 'एस' घेतले की झाला बॉस, तोही सहा लाख न देता. पण दोन 'एस' जर्मनीत कुणालाच मिळत नाहीत. हिटलरच्या काळातल्या संघटनांची आद्याक्षरं पाटीवर वर्ज्य आहेत. म्हणजे आमच्या गल्लीतला जो पोरगा ८०५५ मिरवतो, त्याला बोखुममध्ये बॉस होता येणार नाही.

या संकेतांत भूगोल दडलेला असतो, दोन्हीकडे. जर्मन पद्धत १९५६ची: जितकं शहर मोठं तितकी अक्षरं कमी. बर्लिनला एक, म्युनिकला एक, आम्हाला दोन. देश फाळलेला असतानाच पूर्वेकडच्या शहरांचे संकेत राखून ठेवले होते. पुढे लाइपझिगचं 'एल' मधल्या काळात एका पश्चिमी जिल्ह्याने वापरलं, आणि १९९०च्या एकीकरणानंतर ते मुकाट्याने परत करावं लागलं. आपला एमएच क्रम तर मी शाळेत पाढ्यासारखा म्हणायचो. मुंबईत एक-दोन-तीन, मग ठाणे, कल्याण, पेण, आणि इथे कुणीतरी एकदम सिंधुदुर्गात उडी मारून मागे रत्नागिरीला येतो. मग घाट चढून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे. एसटीच्या लाल डब्यातून केलेला प्रवासच तो. सातला आठच्या आधी का नेलं, हे कोकणातल्या माणसाला विचारू नका, दुपार जाईल.

इथे सत्तरच्या दशकात जिल्हे एकत्र केले तेव्हा अनेक गावांचे संकेत गेले. चाळीस वर्षांनी, २०१२पासून, ते परत मिळायला लागले, कारण लोकांनी आठवण ठेवली होती. आमच्याच जिल्ह्यात लेओनबर्गचं 'एलईओ' परतलं; कार्यालयात आता बीबी की लेओ, असं विचारतात. आणि २०१५पासून देशात कुठेही राहायला गेलात तरी जुनी पाटी ठेवता येते. बर्लिनमध्ये बीबीची गाडी फिरली म्हणून कुणी तिला अडवत नाही. आपल्याकडे बदली झालेल्या माणसाला बारा महिन्यांनंतर एनओसी, नवा कर, जुन्या कराचा परतावा, अशा फेऱ्या. २०२१ची बीएच मालिका, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा नंबर, चांगली आहे, पण ती सरकारी नोकरांना आणि चार राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. गाडी घेऊन हुबळीला दुकान टाकणाऱ्याने काय करावं? आणि नुसत्या फेऱ्यांचाच प्रश्न नाही. डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना रंग फासला गेला. दगड मारणाऱ्याने चालकाला गाव विचारलं नव्हतं. त्याने पाटी वाचली होती.

मराठी पाटीच्या आग्रहाबद्दलही थोडं. केंद्राच्या नियमांत अक्षरं इंग्रजी आणि आकडेही तेच हवेत, म्हणून देवनागरी पाटीला दंड होतो आणि दरवेळी अस्मितेचा प्रश्न उभा राहतो. शेजारच्या ट्युबिंगन जिल्ह्याची पाटी दोन टिंबांच्या 'यू'सकट मिरवते, तेव्हा मला थोडा हेवा वाटतो. रशियाने तर आपल्या लिपीतली फक्त बारा अक्षरं घेतली, जी रोमनमध्येही तशीच दिसतात. दोन्हीकडे चाललं. देवनागरीला ती सोय नाही. पण अरब देशांत दोन्ही लिप्या एका पत्र्यावर नांदतात. नवा पत्रा करायचाच होता, तर हा विचार त्याच वेळी करता आला असता.

एका बाबतीत मात्र जर्मन वाद मला आपल्याकडे हवा आहे. इथल्या घटना न्यायालयाने २०१८ साली म्हटलं की पोलिसांच्या कॅमेऱ्याने तुमची पाटी आपोआप वाचून यादीशी ताडून पाहिली, तर काही निघालं नाही तरी तो तुमच्या हक्कात हस्तक्षेप आहे. त्याला सबळ कारण हवं. आपण चौकाचौकांत कॅमेरे लावले आणि वाद घातला तो ५३१ रुपयांवर.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं, अर्थात थोडक्यात. ते ऐकून घेत होते. शेवटी मी म्हटलं, "बाबा, पाटी लावा, पण आधी आरसी बुकात पत्ता कुठला आहे ते बघा." कपाट उघडल्याचा आवाज आला.

"शनिवार पेठेतला आहे."

तिथून आम्ही निघालो त्याला बारा वर्षं झाली. "बदलून घ्या मग. ऑनलाइन होतं. नोंदवलेल्या फोनवर ओटीपी येईल."

"येईल कुठून? तेव्हा लँडलाइनचा नंबर दिला होता."